संत्र्याच्या पेटीवरचं जर्मन हरिण

माझी हरणं दिल्ली, कलकत्ता, बनारस पाहून आली. मी स्वतः नागपूरच्या पुढं गेले ती एकदाच, नणंदेच्या लग्नाला वर्ध्याला, आणि तिथंही सगळा वेळ पोळ्या लाटण्यातच गेला. त्यामुळं कामाच्या आठवणी लिहा असं या अंकाच्या संपादकांनी सांगितल्यावर मला आधी हसूच आलं. या अंकात माझ्या आजूबाजूला डॉक्टर असतील, वकील असतील, आगगाडीचे ड्रायव्हर असतील. त्यांच्या हातून माणसं वाचली, सुटली, पोहोचली. माझ्या हातून संत्र्याच्या पेट्या पोहोचल्या. पण पोहोचल्या बरं का. भलत्याच्या दुकानात उतरल्या नाहीत.

आमच्या पांढुर्ण्यात मला अजूनही ठसेवाली बाई म्हणतात. ठसे करणं थांबून बरीच वर्षं झाली, नाव तेवढं राहिलं. धंदा काय होता ते आधी सांगते, कारण आता तो धंदा कुठंच नाही.

संत्रं तोडलं की लाकडी पेटीत तनसात, म्हणजे धानाच्या वाळल्या काडात, निजवायचं. वर फळी ठोकायची आणि पेटीच्या तोंडावर बागवाल्याचा मार्का उमटवायचा. मार्का म्हणजे चित्र. मोर, गुलाब, वाघ, कमळ. नाव लिहून भागत नसे, कारण आम्ही लिहिणार मराठीत, पेटी उतरवणार कलकत्त्याचा हमाल, आणि त्या बापड्याला लिहिलेलं कुठल्याच भाषेतलं वाचता येत नसे. चित्र मात्र वाचता येई. गुलाबवाला माल इकडं, शेरवाला तिकडं. एकदा मार्का बाजारात बसला की आडत्या पेटी न उघडता बोली लावायचा. म्हणून लोक बागेइतकाच मार्का जपत. शिसवाच्या ठोकळ्यावर तो कोरायचा, मागं मूठ बसवायची, शाईच्या गादीवर टेकवून पेटीवर दाबायचा. कोरायचं काम माझं. ठसा बागवाल्याच्या घरी राही, बहुतेक तांदळाच्या कोठीत, सगळ्यात आत.

कोरायचं ते उलटं. ठोकळ्यावर उजवीकडं बघणारा मोर पेटीवर डावीकडं बघतो. एवढंच या धंद्यातलं शास्त्र. ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

माझे वडील तिगावच्या स्टेशनावर पॉइंट्समन होते. मुलगी शिकली पाहिजे हे त्यांनी एकदा मनात घेतलं आणि मला थेट नागपूरच्या चित्रकलेच्या शाळेत नेऊन बसवलं. तिथून मी परत आले ती शबनम पिशवी खांद्याला अडकवून, नाकावर माशी न बसू देणारी. आल्याबरोबर लग्न झालं. आमच्या यांचा पांढुर्ण्यात, बुद्धविहाराच्या गल्लीत, छोटा छापखाना होता. पायानं चालवायचं यंत्र, लग्नपत्रिका, पावत्या आणि जयंतीची पत्रकं. बायको चित्र काढते म्हटल्यावर यांनी मोठ्या आनंदानं संत्र्याच्या ठशांचं काम अंगावर घेतलं. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, कारण मी कलावंत होते. संत्र्याच्या पेट्या म्हणजे काय!

माझ्या ट्रंकेत तेव्हा माझी खरी इस्टेट होती. नागपूरच्या सरांनी निरोपाच्या दिवशी मला एका जुन्या पुस्तकाची सुटी पानं दिली होती. पुस्तक उंदरांनी खाल्लं होतं, चित्रं वाचली होती. ती चित्रं होती पत्त्यांची. खेळायच्या पत्त्यांची, जर्मनीतली, साडेपाचशे वर्षांपूर्वीची. ती कोरणाऱ्याचं नाव कोणालाच ठाऊक नाही. जगभरचे विद्वान त्याला नुसतं पत्त्यांचा उस्ताद म्हणतात. जशी मी ठसेवाली बाई.

ते पत्ते आपल्या पत्त्यांसारखे नाहीत. बदाम-इस्पिक नाही, कोपऱ्यात आकडे नाहीत. फुलं, पक्षी, हरणं, सिंह-अस्वलं आणि अंगभर केस असलेली रानमाणसं, असे त्यांचे रंग. नव्वी म्हणजे पानावर खरोखर नऊ पक्षी, आणि नऊ म्हणून एकसारखे नऊ नव्हेत. एक चोचीनं पंख साफ करतो, एक पाठ फिरवून बसलाय, एक मान इतकी वळवतो की आपली मान दुखते. हरणांत एक चरतंय, एक बसलंय, एक पुढचा पाय उचलून थबकलंय, जणू काडी मोडल्याचा आवाज ऐकलाय. हे सगळं तांब्याच्या पत्र्यावर अणकुचीदार कोरणीनं. तिथं आमच्या लाकडाच्या बरोबर उलटा हिशेब असतो. लाकडात कोरलेलं पांढरं राहतं आणि उरलेलं उमटतं. तांब्यात शाई कोरलेल्या रेघेत जाऊन बसते आणि ओलसर कागद ती रेघेतून ओढून काढतो. हरणाच्या पाठीवरचे केस बारीक बारीक आखूड रेघांचे, एकीवर दुसरी न चढवता शेजारी शेजारी ठेवलेल्या. अशी पानं कोणी चिखलाच्या हातानं पिसली असतील असं मला कधीच वाटलं नाही. ज्याच्याकडं असतील त्यानं ती बघायलाच ठेवली असणार.

माझ्या सासूबाईंना ती पानं ट्रंक झाडताना सापडली.

"काय वं हे?"

"पत्ते."

"जुगाराचे?"

"जर्मनीचे," मी तोऱ्यात म्हटलं.

त्यांनी यांना छापखान्यातून हाक मारून आणलं. "बाबू, तुही बायको नागपूरहून पत्ते घेऊन आली. पाह्य, राजा-राणी बी आहे." मी चुलीसमोर उभी राहून दोघांना रेषेची लय या विषयावर भाषण दिलं. वरण उतू गेलं. भाषण संपल्यावर सासूबाईंनी पक्ष्यांचं पान पुन्हा हातात घेतलं, जरा लांब धरलं आणि म्हणाल्या, "हे बगळं खाजवून राहिलं." मग पान ट्रंकेत ठेवून दिलं, अगदी जपून. पत्त्यांवरून आमचं पुन्हा कधी भांडण झालं नाही.

भांडण झालं तांब्यावरून. मला तांब्यावर कोरायचंच होतं. लोधीखेड्याच्या तांबटाकडून एक गोल पत्रा आणला. सौसरच्या बाजारात लग्नाच्या भांड्यांवर नावं घालणारा एक जण बसायचा, त्याच्याकडून कोरणी मागून घेतली. पत्त्यातला सिंह कोरायला बसले. सिंह उजवीकडं बघणारा, म्हणून पत्र्यावर डावीकडं बघणारा काढला. शिकल्याप्रमाणं केलं एवढं तरी खरं. कोरणी तीनदा घसरली. एकदा सिंहाच्या गालातून, दोनदा माझ्या अंगठ्यातून. यांच्या यंत्रावर तांबं छापता येत नव्हतं, म्हणून ओला कागद पत्र्यावर ठेवून वर पाट्याचा वरवंटा फिरवला. कागदावर उमटली भिंतीवरून पडलेली पाल. उजवीकडं बघणारी. पत्रा सासूबाईंनी धुऊन डाळीच्या पातेल्यावर झाकण म्हणून घेतला. अजून तोच आहे. आमच्या घरी डाळ सिंहाच्या पोटाखाली शिजते. त्यानंतर मी तांब्याला हात लावला नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढं एक राहून गेलं.

मग काय, लाकूड. पहिलं गिऱ्हाईक सौसरचा एक व्यापारी. त्याला मोर हवा होता. मोर तर सगळेच काढतात, मी म्हटलं, आणि पत्त्यांतला पाठ फिरवून पंख साफ करणारा पक्षी घेतला, त्याला पिसारा जोडला. यांनी दबक्या आवाजात विचारलं की याचं तोंड कुठं आहे. मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही. व्यापारी गरीब माणूस, बाईमाणसाला काय बोलायचं म्हणून घेऊन गेला. पुढच्या बहारात आला आणि ओट्यावर बसून डोकं खाजवत राहिला. दिल्लीच्या मंडीत त्याच्या मालाला सगळे मुर्गी छाप म्हणत होते. मी म्हटलं, दुसरा करून देते. तो घाईघाईनं म्हणाला, "नाही नाही बाई, राहू द्या. मुर्गी बसली आहे बाजारात." त्याचा मुलगा पुढं त्याच मुर्गीवर म्हातारा झाला. त्या मोराच्या जोरावर मी कलावंत असल्याचं मात्र गावभर सांगत फिरले. आज ती मुलगी समोर आली तर मी तिला आधी भाकरी थापायला बसवीन.

आता हरणाची गोष्ट.

मोहगावकडचे आबाजी पहिल्यांदा आले तेव्हा भर मे महिना होता. आमच्या माठातलं पाणी त्यांनी तहान नाही म्हणून नाकारलं. ओठ वाळले होते. दुसऱ्या वर्षी आले तेव्हा स्वतःहून चहा मागून प्याले, आणि त्यानंतर आमचा चहा फिका असतो अशी तक्रार करायचा हक्क त्यांनी शेवटपर्यंत बजावला. त्यांना हरिण हवं होतं. नवी कलमं लावली त्या उन्हाळ्यात पाटाचं पाणी प्यायला रोज सकाळी एक हरिण यायचं. आबाजी दोन्ही मुलांना घेऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गप बसून ते बघायचे. कलमं जगली. ती हरणाच्या पायगुणानं जगली असं त्यांचं म्हणणं.

मी ट्रंक उघडली. पाय उचलून थबकलेलं हरिण काढलं, पत्त्यावर उजवीकडं बघणारं. आबाजींनी पान बघितलं. "हे हरिण नाही, सांबर होय."

"जर्मनीचं हरिण आहे. तिकडं असंच असतं."

"बरं," आबाजी म्हणाले. सगळ्या गोष्टींवर ते बरं म्हणत.

नागपूरला शिकवलं होतं की चित्र पातळ कागदावर गिरवायचं, कागद पालथा घालून ठोकळ्यावर उतरवायचं, मग छाप सुलटा येतो. पण कलावंत काय गिरवतो? मी पान समोर ठेवलं आणि बघून बघून सरळ ठोकळ्यावर काढलं. पत्त्यावर उजवीकडं, ठोकळ्यावर उजवीकडं. केस, शिंगं, उचललेला खूर, सगळं असं उतरलं की मी स्वतःवरच खूश. आबाजींच्या समोर कागदावर दाबला आणि हरणानं डावीकडं बघितलं. माझा चेहरा बघून यांनी लगेच शाईचा डबा शोधायला खाली वाकून घेतलं. ते हसत होते, मला खांदे दिसत होते.

"असंच आहे का हे?" आबाजींनी विचारलं.

"असंच," मी म्हटलं. "आपल्या बागेकडं बघतंय."

"बरं."

ते हरिण फार चाललं. आबाजींची आंबिया बहाराची फळं पातळ सालीची, आणि पेटीत वर मोठी खाली लहान असा प्रकार त्यांनी कधी केला नाही. कलकत्त्यात हिरन छाप मागून घेत. पांढुर्ण्याच्या मालधक्क्यावर शेकडो पेट्यांत मी माझं हरिण लांबून ओळखायची आणि उगाचच त्या बाजूनं जायची.

आबाजी गेले आणि दोघा भावांची वाटणी झाली. थोरला रामभाऊ, धाकटा शेषराव. झाडं वाटली, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, बैल वाटले, मधे धुरा पडला. राहिला ठसा. पंचांना ठशाचं काय करावं ते सुचेना, कारण ज्याच्याकडं हरिण त्याच्याकडं आबाजींचं नाव, आणि दुसऱ्याची संत्री बाजारात बेवारशी. शेवटी पंचांनी दोघांना माझ्याकडं पाठवलं. दोघं एकाच बसनं आले, वेगवेगळ्या दारांनी उतरले. ठसा रामभाऊच्या हातात, पंच्यात गुंडाळलेला.

रामभाऊ म्हणत होता, थोरला मी, आबाजीचं हरिण माझ्या घरी राहील. शेषराव माझ्याशीच बोलत होता, भावाकडं बघत नव्हता. "बाई, करवत आहे का तुमच्याकडं? कापून टाका. मुंडकं त्याले द्या, मागचं मले द्या. तसंबी मागचंच आलं माह्या वाट्याले."

मी ठसा रामभाऊच्या हातातून काढून मांडीवर घेतला. मूठ आबाजींच्या हातानं गुळगुळीत झाली होती. पोळ्यापर्यंत थांबा म्हटलं, आणि दोघांना फिका चहा पाजून परत पाठवलं.

तेवढ्या दिवसांत मी ते पान कितीदा काढलं असेल. वेगळं हरिण देणं सोपं होतं, चरणारं किंवा बसलेलं. पण ते घेतलं असतं तर शेषराव बाजारात नवखा झाला असता. हरिण तेच पाहिजे आणि तरी दुसरं पाहिजे. तेव्हा कुठं मला माझ्या जुन्या चुकीची आठवण झाली. या वेळी मी पातळ कागद घेतला, निमूटपणे गिरवलं, पालथा घातला. छाप घेतला तसं हरणानं उजवीकडं बघितलं. खूर तोच, शिंगं तीच. फक्त तोंड दुसरीकडं.

पोळ्याला दोघं आले. मी दोघांना वेगवेगळं बसवलं. रामभाऊला जुना ठसा परत दिला आणि म्हटलं, हे आबाजींचं असल हरिण, तुमचं तुमच्याकडं राहिलं. तो उजळला. मग शेषरावला आतल्या खोलीत बोलावलं. नवा ठसा बघून त्याचं तोंड पडलं. "मले उलटं दिलं का?"

मी ट्रंकेतलं पान काढून त्याच्यापुढं ठेवलं. "हे बघा. जर्मनीतलं मूळ हरिण कुणीकडं बघतं?"

त्यानं पान बघितलं, ठशाचा छाप बघितला, पुन्हा पान बघितलं. "इकडंच."

"मग असली कोणाचं?"

त्यानं ठसा उराशी धरला. जाताना दारात हळूच म्हणाला, "त्याले नका सांगू." मी कशाला सांगते? दोघांनाही खरंच सांगितलं होतं. दोघंही असल हरिण घेऊन घरी गेले. त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते की पुरणात गूळ दोनदा घातला.

बाजारानं दोन्ही हरणं मान्य केली. हमाल म्हणत, इधर देखता हिरन, उधर देखता हिरन. भाव सारखाच मिळे. पण भाऊ काही बोलेनात. बागा लागून होत्या, ट्रक एकच करावा लागे, तेवढाच व्यवहार, तोही हमालाच्या मार्फत. पेट्या लावायच्या वेळी रामभाऊ ट्रकजवळ उभा राही आणि हमालाला सांगे, माझ्या पेट्या डाव्या अंगाला, त्याच्या उजव्या. म्हणजे रामभाऊचं हरिण डावीकडं बघणार, शेषरावचं उजवीकडं. दोन्ही हरणं एकमेकांकडं पाठ करून दिल्लीपर्यंत जात. जागा बदलल्या असत्या तर समोरासमोर आली असती. हे रामभाऊला कळत होतं, म्हणूनच तो उभा राहत होता.

आमच्याकडं जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात, पण गोटमार एका दिवसात आटपते आणि मग व्याही-जावई एकमेकांच्या घरी जेवायला जातात. या दोघांची काही आटपली नाही. मी धक्क्यावर जायचं सोडलं. इतकी हुशारी केली आणि केलं काय, तर भांडणाला सुबक चित्र काढून दिलं, असं वाटायचं.

मग लाकडी पेट्या गेल्या. प्लास्टिकचे क्रेट आले, पुठ्ठ्याचे खोके आले. हे गेले. छापखान्याचं यंत्र भंगारात गेलं. मी आजी झाले, मग पणजी व्हायच्या बेतात आले. ठसे कोरायचे हात चहाचा कप धरताना कापू लागले.

गेल्या उन्हाळ्यात दोन तरुण पोरं एका मोटरसायकलवरून आली. एक रामभाऊचा नातू, एक शेषरावचा. आजोबांचं बोलणं नव्हतं, नातवांचं फोनवर चालू होतं. दोघं मिळून आपला माल खोक्यांत भरून एकाच नावानं पाठवणार होते आणि खोक्यावर त्यांना दोन्ही जुनी हरणं पाहिजे होती, जोडीनं. कॉम्प्युटरवर हरिण काढता येतं, पण ते आमचं नाही, असं शेषरावच्या नातवाचं म्हणणं. दोन्ही ठशांचा एका कागदावर स्वच्छ छाप घेऊन द्या, पुढचं आम्ही करतो. शेषरावनं ठसा लगेच दिला होता, पोरांनी तो माझ्या पुढ्यात ठेवला. रामभाऊनं दिला नव्हता. ज्यानं त्यानं आपलं हरिण सांभाळावं, एवढंच म्हणाला होता. पोरं तो ठसा माझ्याकडंच ठेवून उदास होऊन गेली. एका हरणाची जोडी होत नाही.

त्याच आठवड्यात आमच्या सूनबाईंनी मला फोनवर एक गंमत दाखवली. शाळेत चित्रकला शिकवते ती. परदेशातल्या एका संग्रहालयानं तो खरा पत्ता, साडेपाचशे वर्षांपूर्वीचा कागद, फोटो काढून सगळ्यांना बघायला ठेवला आहे. दोन बोटांनी चित्र ताणलं की हरिण जवळ येतं. आयुष्यभर मी उंदरांनी सोडलेल्या छापील पानावरून बघत आले. आता रेघ न् रेघ दिसत होती, कोरणी कुठं टेकली, कुठं उचलली. सूनबाई म्हणाली, काही हरणं दोन वेगवेगळ्या पत्त्यांवर तीच आहेत म्हणे. एकेक हरिण वेगळ्या छोट्या पत्र्यावर कोरून हवं तिथं छापलेलं. आणि तीच हरणं पुढं हातानं लिहिलेल्या मोठ्या पोथ्यांच्या समासातही सापडतात. मी म्हटलं, आणि मोहगावच्या पेट्यांवर सापडतात ते नाही का लिहिलं त्यांनी?

मग मला काहीतरी खटकलं. मी तशीच उठून स्वयंपाकघरात गेले आणि डाळीवरचं झाकण उचललं. सिंह डावीकडं बघत होता. कागदावर मात्र ती पाल उजवीकडं बघणारी उमटली होती, ते मला चांगलं आठवत होतं.

तुमच्या ध्यानात आलं असेल. मला यायला सगळा जन्म गेला, तेही जन्मभर उलटं कोरून. उस्तादाचं हरिण कागदावर उजवीकडं बघतं, म्हणजे त्याच्या तांब्यावर ते डावीकडं बघत होतं. त्यानं समोर बसून, श्वास धरून, स्वतःच्या हातानं कोरलं ते हरिण आबाजींच्या पेटीवरच्या हरणासारखं होतं. त्यानं छापलं ते शेषरावच्या.

हे सांगायला मी रामभाऊकडं जाणार होते, पण तोच आला. बाजाराच्या दिवशी, काठी टेकत, कापडी पिशवी घेऊन. ओट्यावर बसला. पाणी प्याला. बराच वेळ पावसाचं, खताचं बोलला. मग म्हणाला, "बाई, एक खरं सांगा. शेषराव लोकायले सांगून राहिला का त्याचं असली आहे म्हणून. तुम्हीच सांगितलं म्हणते."

"मीच सांगितलं."

"अन् मले?"

"तुम्हालाही."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी झाकण आणायला आत पळाले. डाळ पुसून झाकण त्याच्या मांडीवर ठेवलं, सूनबाईचा फोन शेजारी धरला, आणि जमेल तसं समजावलं. कोरलेलं इकडं बघतं, उमटलेलं तिकडं बघतं. हरिण एकच. एकाशिवाय दुसरं होतच नाही. रामभाऊ झाकणावरच्या सिंहावरून अंगठा फिरवत राहिला.

"हे पाल होय का?" त्यानं विचारलं.

"सिंह आहे."

"बरं," तो म्हणाला, अगदी आबाजींसारखं.

मग म्हणाला, "ते हरिण यायचं नं पाटावर, तवा शेषराव लहान होता. त्याले धुऱ्यावरून दिसे नाही. मी खांद्यावर घेऊन दाखवलं होतं त्याले." एवढं बोलून पिशवीत हात घातला. पंचा तोच होता, का तसाच दुसरा, कोण जाणे. ठसा काढून माझ्यापुढं ठेवला.

माझे हात कापतात हे मी सांगितलंच. सूनबाई कागद धरते म्हणाली, मी नको म्हटलं. शेषरावचा ठसा आधी दाबला, कागदाच्या डाव्या अंगाला. हरणानं उजवीकडं बघितलं. मग आबाजींचा घेतला. मूठ हातात नीट बसली. रामभाऊ काठीवर हनुवटी टेकवून बघत होता, ट्रकजवळ उभा राहायचा तसा. कुठल्या अंगाला दाबायचा हे मी त्याला विचारलं नाही. उजव्या अंगाला, चांगलं हातभर अंतर सोडून दाबला, आणि उचलला.

दोघं समोरासमोर उभी होती, एकेक पाय उचलून.

रामभाऊनं कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग परत माझ्याकडं दिला.

"दुसरा कागद घ्या, बाई," तो म्हणाला. "जरा जवळ घ्या दोघायले."